चेक भाषेतला तो 'र्झ' (ř) आवाज मोठेपणी शिकून जमतो का?

जमतो. आणि "र म्हण, लगेच झ म्हण, झालं" असं कोणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात असताना माझा रूममेट हेच सांगायचा, वर "परदेशी माणसाचं कोण एवढं कान देऊन ऐकतंय" हेही. क्लासमधल्या बाईंनीही त्याचीच री ओढली, की नाद सोडा, लोक समजून घेतात. घेतात हो, पण मला भाषा नीट बोलायची होती.

शेवटी शिकलो शेजारच्या पोरीबरोबर. तिलाही तो येत नव्हता, चेक मुलांना सगळ्यात शेवटी येणारा आवाज हाच, कित्येकांना त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे नेतात. तिथून आली की ती जिन्यात छोटा आरसा घेऊन बसायची, दात जवळजवळ मिटलेले, ओठ जरा पुढे, आणि नुसता लांबलचक र्रर्र घोळवायची. दात जवळ आले की जीभ थरथरत असतानाच हवा घासत बाहेर येते, सगळी गोम तिथेच आहे. मीही शेजारी बसून तेच करायचो. आधी आला तो 'तीन'च्या चेक शब्दातला, कारण त, प, क यांच्या मागे हा आवाज घोष (घशातला कंप) सोडून श कडे झुकतो आणि सोपा होतो. ३३३ चंदेरी लावे पक्षी ३३३ चंदेरी छपरांवरून उडून गेले, असं त्यांचं एक वाक्य आहे, शब्दाशब्दाला हाच आवाज, ते आम्ही घोकायचो. नदीला 'र्झेका' म्हणतात, त्यातला घुमणारा मात्र बराच उशिरा आला. मी र आणि झ तोडून म्हटलं की ती लगेच 'नाही' म्हणून मान हलवायची. एवढ्याशा पोरीला फरक कळतो आणि रूममेट म्हणे कोण ऐकतंय!

दोन आवाज असते तर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत (सगळ्या भाषांचे आवाज लिहायची चिन्हं) १९८९ पर्यंत याला स्वतंत्र चिन्ह कशाला ठेवलं असतं? (आता र च्या चिन्हाखाली खूण देतात.) पोलिशमध्येही पूर्वी हाच आवाज होता, त्यातली थरथर गेली आणि नुसता झ उरला, म्हणून समुद्र चेकमध्ये 'मोर्झे' आणि पोलिशमध्ये 'मोझे'. थरथर सोडलीत तर तुमचंही तेच होणार. संगीतकार ड्वोर्झाकचं नाव सर्रास 'ड्वोराक' म्हणतात, तेही मला खपत नाही.

हां, तुमचा र जिभेच्या टोकावर थरथरत नसेल तर आधी तो बसवा, त्याशिवाय पुढचं काही होणार नाही. काही चेक लोकांनाही हा आवाज आयुष्यभर नीट येत नाही, त्यामुळे लगेच नाही आला म्हणून सोडून देऊ नका. आणि दात गच्च आवळू नका, जीभ हलायचीच थांबते.