‘नाटकं करू नकोस’ म्हणाले, आणि आठवड्याने तो गेला

प्रिय ताई,

तुमचा नऊ वर्षांचा कुत्रा ब्रूनो सकाळी फिरून आला आणि दुपारी दारातच कोसळला. सोनोग्राफीत प्लीहा या पोटातल्या अवयवावरची गाठ फुटून पोटात रक्त साचल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणाले, बहुधा हेमँजिओसार्कोमा. संध्याकाळी तो गेला. आठवड्यापूर्वी एक दिवस तो सुस्त होता, जेवला नाही, तेव्हा ‘नाटकं करू नकोस’ म्हणून तुम्ही ओरडलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्या मारू लागला, म्हणून दवाखान्यात नेलं नाही. आता तुम्ही विचारताय, मीच त्याला मारलं का?

नाही. ही समजूत काढणं नव्हे. हेमँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर आहे आणि तो असाच फसवतो. गाठीतून थोडं रक्त झिरपतं, तेव्हा कुत्रा मरगळतो. ते रक्त शरीरात शोषलं जातं आणि तो पुन्हा ताजातवाना दिसतो. बहुतेक घरांत गाठ फुटेपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. त्या दिवशी नेलं असतं तर कळलं असतं का? कदाचित. पण ऑपरेशन आणि किमोथेरपी करूनही हे कुत्रे सहसा काही महिनेच काढतात. गेले असतील तर ते महिने गेले. तेही कमी नाहीत, त्यांचं वाईट वाटू द्या. पण खुनाचा आरोप स्वतःवर ठेवू नका. मनात किंतु उरलाच तर त्याच डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा, ‘मी काय करू शकले असते?’

आणि ते ओरडणं! नऊ वर्षांत तुम्ही त्याला किती वेळा ओरडला असाल, आणि तो दर वेळी पाच मिनिटांत शेपटी हलवत आला असेल. हेही एक त्यातलंच.

नणंद म्हणते, ‘कुत्राच तर होता, दुसरा आणा.’ लोकांच्या लेखी ज्याला मोल नाही अशा दुःखावर शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये पुस्तक काढलं, म्हणजे या वागण्याची नोंद जुनीच आहे. नणंदेला एकदाच सांगा, ‘मला अजून त्रास होतोय, हा विषय नको.’ वाद घालत बसू नका. फरशीवर नखांची टकटक ऐकू आल्यासारखं होतं, दार उघडताना पाय आपोआप जपून पडतो, यात वेड काही नाही. पट्टा खुंटीवरून काढायची घाई नको, नव्या पिल्लाचीही नको. पण झोप आणि जेवण असंच उडालेलं राहिलं तर समुपदेशकाकडे जा, लाजू नका.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. सहा वर्षांच्या मुलीला तुम्ही तीन आठवडे सांगताय की ब्रूनो दवाखान्यात आहे. ती वाट बघतेय हो! आजच सांगा, ‘ब्रूनो खूप आजारी होता आणि तो मेला.’ ‘झोपला’ म्हणू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. ती पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी हेच सांगा. तिच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या.