पानिपत बदलायचंय? मग फाटा मागे न्या

‘असं झालं असतं तर’ या धर्तीच्या कल्पित इतिहासकथेत पानिपत वेगळं लिहायचं म्हटलं की नवा लिहिणारा थेट 14 जानेवारी 1761 च्या दुपारवर जातो: विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले. गफलत इथेच होते: फाटा, म्हणजे कथा खऱ्या इतिहासापासून वेगळी होते ती जागा, फार उशिरा पडतो. त्या दिवशी माणसं आणि जनावरं उपासमारीने खंगलेली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि गंगा-यमुनेमधल्या दोआबातून येणारी रसद आटली. एक गोळी चुकवून फौजेचं पोट भरत नाही.

ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. भाऊसाहेब तेव्हा वर कुंजपुऱ्याकडे होते. नदीचं चढलेलं पाणी आणखी दोन आठवडे टिकलं असतं तर? किंवा बागपतच्या उतारावर पक्का पहारा असता तर? बदल लहान, पण पटणारा. असा एकच घ्या. पुढचं सगळं त्यातूनच निघू द्या.

लिहिताना नकाशा आणि तारखा शेजारी हव्यात. मार्चमध्ये दख्खनमधल्या पटदूरहून निघालेलं लष्कर ऑगस्टमध्ये दिल्लीत पोचलं. तेव्हा दख्खनची कुमक पंधरवड्यात आणू नका.

माणसांचंही तसंच. दुसरा बाजीराव 1775 साली जन्मला. फाटा 1760 चा असेल, तर तोच माणूस पुढे गादीवर बसवू नका, जाणते वाचक लगेच पकडतात. आणि भाऊसाहेब जिंकले तरी मोहिमेचं कर्ज उरतं, दिल्लीहून निघून गेलेल्या भरतपूरच्या जाट राजाचा, सूरजमलाचा रुसवा उरतो. तो भाग सावकाश, मन लावून लिहा.