तक्रार झाली, तर चौकशी कशी होते?

प्रश्न : माझ्या मुलाला अमेरिकेतील यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ मॉर्मन चर्चचे असून तिथे चहासुद्धा चालत नाही, असे कळले. आम्ही हिंदू आहोत. उद्या एखाद्या सहाध्यायाने त्याची तक्रार केली, तर काय होईल? शिक्षण अर्धवट राहील का? – एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण ऐकले ते खरे आहे. मद्य, तंबाखू, चहा, कॉफी आणि विवाहबाह्य शरीरसंबंध यांना तिथे मनाई आहे. मुलांना परवानगीशिवाय दाढीही ठेवता येत नाही. विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असो, विद्यापीठाची ही आचारसंहिता (ऑनर कोड) त्याला लागू असते आणि ती वर्गापुरती नसून भाड्याच्या खोलीतही त्याच्यासोबत राहते. शिवाय दरवर्षी एखाद्या धर्मगुरूची शिफारस घ्यावी लागते. चर्चचे सदस्य नसलेल्यांना ती स्वधर्मातील पुरोहिताकडून किंवा विद्यापीठाच्या धर्मोपदेशकाकडूनही मिळू शकते.

आता तक्रारीविषयी. इतरांनाही संहिता पाळण्यास प्रोत्साहन द्यावे, असे एक कलम तिच्यातच आहे आणि काही विद्यार्थी त्याचा अर्थ ‘कळवावे’ असा घेत आले आहेत. आरोप काय आहे हे न सांगताच बोलावले जाते, अशी नाराजी साचत जाऊन एप्रिल २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी आवारातच निदर्शने केली. त्यानंतर संहिता कार्यालयाच्या संचालकांनी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यानुसार पहिल्याच भेटीत आरोप सांगितला जातो आणि कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नसेल, तर तो कोणाकडून आला हेही सांगितले जाते. निनावी तक्रारींची चौकशी, कोणाच्या जिवाला धोका असल्याखेरीज, होत नाही. आणि विद्यार्थी स्वतः कबूल करीपर्यंत किंवा चौकशीत तसे ठरेपर्यंत त्याने उल्लंघन केलेले नाही, असेच धरले जाते.

मात्र निर्णयाचा निकष नीट समजून घ्यावा. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे घटना घडली असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा अधिक वाटली, तरी पुरते. आपल्याकडील दिवाणी दाव्यांतही साधारण हाच निकष असतो. म्हणून ‘पुरावा दाखवा’ एवढ्यावर भागणार नाही. बोलावणे आले की मुलाने आरोप लेखी मागावा, सोबत कोणाला आणता येईल का हे विचारावे आणि आपली बाजू तारखांसह लिहून द्यावी. प्रामाणिकपणा हेही संहितेचेच एक कलम असल्यामुळे कपभर कॉफी लपवण्यासाठी खोटे बोलणे हे त्या कॉफीपेक्षा महागात पडू शकते.

परिणाम ताकिदीपासून निलंबन किंवा हकालपट्टीपर्यंत असू शकतो. स्थानिक विद्यार्थी निलंबनाच्या काळात घरी बसून पुढच्या सत्रात परत येऊ शकतो, परंतु परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारा एफ-१ व्हिसा पूर्णवेळ नोंदणीवर अवलंबून असल्याने ती थांबली की आपल्या मुलाचा तिथला मुक्कामच धोक्यात येतो. मला खरी जोखीम इथे दिसते.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या पालकांना पटायला जड जाते. आपल्याकडे प्राचार्य पालकांना बोलावून घेतात. तिथे तसे होईलच, असे नाही. अमेरिकेच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्याने शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा आहे, त्यामुळे त्याच्या संमतीविना विद्यापीठ आपल्याशी सहसा बोलणार नाही. स्वतःच्या नोंदी पाहण्याची मागणी मात्र तो करू शकतो आणि ती ४५ दिवसांत पूर्ण करावी लागते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत एक सुधारणा महत्त्वाची आहे. दाद मागणाऱ्या पीडितांचीच संहितेखाली चौकशी होते, या टीकेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये सल्लागार समितीने २३ शिफारशी केल्या आणि त्यातून अभयाचे धोरण आले. पीडित किंवा साक्षीदाराने अशी घटना कळवली, तर त्या वेळच्या मद्यपानासारख्या उल्लंघनासाठी त्याच्यावर कारवाई होत नाही. हे मुलाला आधीच माहीत असू द्या.

माझे मत विचाराल, तर ‘तिथे गेल्यावर बघू’ या भरवशावर मुलगा सही करणार असेल, तर हा प्रवेश सोडून दुसरीकडचा घ्यावा. संहिता त्याने स्वतः, आपल्या आधी, पूर्ण वाचावी. ती मान्य असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून दोन गोष्टी विचाराव्यात : चौकशी चालू असताना नोंदणी कायम राहते का आणि निर्णयाविरुद्ध अपील किती दिवसांत करावे लागते. आलेले उत्तर जपून ठेवावे.