त्याला नको, संस्थेला विचार

रामबाग, इंदूर

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. शेवटी लिहिलं आहेस, "सर, हे काम माझ्याच्याने होणार नाही." लगेच उत्तर दिलं असतं तर रागाने दिलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आता लिहितो.

फाशीची शिक्षा सुनावलेल्या माणसाची पार्श्वभूमी लिहायचं काम तुझ्याकडे आलं. हायकोर्टात शिक्षा कायम करण्याचं प्रकरण लागलंय. लहानपणी काही वर्षं तो मुलांच्या एका संस्थेत होता हे त्याच्या बहिणीने सांगितलं. तू त्याला त्याबद्दल विचारलंस तर तो मुलाखत अर्धी टाकून बराकीत निघून गेला, आणि पुढच्या खेपेला एवढंच म्हणाला, "मॅडम, वो सब मत लिखना." आता तुझे दोन प्रश्न आहेत. त्याला नको असताना लिहायचं का? आणि लिहिलं तर त्याने मारलेल्यांच्या घरच्यांशी ती बेइमानी होते का?

दुसरा प्रश्न मी लवकर संपवतो. त्याने जे केलं ते निकालपत्रात आहे, तुझ्या अहवालाने त्यातली एक ओळ खोडली जाणार नाही. गुन्हा सिद्ध झाला, आता शिक्षा ठरायची आहे, आणि 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून शिक्षा ठरवताना गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहावं लागतं. हे तू परीक्षेत लिहून आली आहेस. त्या घरच्या लोकांबद्दल तुला वाईट वाटतं ते वाटू दे. वाटेनासं झालं तर मात्र खरंच हे काम सोड.

पहिल्या प्रश्नावर मात्र मी अडून बसणार आहे. त्याला बोलतं करायचंच कशाला? संस्थेला बोलतं कर. मूल ज्यांच्या ताब्यात होतं, हिशेब त्यांनी द्यायचा.

तुम्ही हल्लीची मुलं जेलच्या मुलाखतीत दोन तास बसता, हळू आवाजात विचारता, आणि समोरच्याने आयुष्यभर दाबून ठेवलेलं बाहेर काढावं अशी अपेक्षा करता. का काढावं त्याने? तेव्हा सांगितलं असेल तर मार खाल्ला असेल. आता सांगितलं तर सरकारी वकील उठून म्हणणार, फाशी समोर दिसली तेव्हा बरं आठवलं. म्हणजे जखम त्याची, उघडी करायची त्याने, वर खोटारडा ठरायचा तोही तोच. ते मूल कोणाच्या तरी आदेशाने तिथे गेलं होतं, कोणाच्या तरी अनुदानावर जेवत होतं, कोणीतरी त्याची हजेरी घेत होतं. त्या सगळ्याचे कागद असतात.

एका जुन्या प्रकरणात अशाच एका संस्थेचं दवाखाना रजिस्टर माझ्या हाती आलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. एका पानावर एकाच आठवड्यात तीन मुलांच्या नावापुढे शेरा होता, 'सीढ़ी से गिरा'. तिन्ही शेरे एका हाताचे, एका शाईचे. दोघांना टिंक्चर लावलेलं, एकाला हाताला प्लास्टर. मी त्या जागी जाऊन आलो. इमारत बैठी होती, जिना नव्हताच. माझा अशील कोर्टात त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही, त्याची गरजही पडली नाही.

ते रजिस्टर मिळालं कसं, हे मला लोक टोमणा मारून विचारत. मी संस्थांच्या विश्वस्तांशी गोड बोलायचो, त्यांच्या स्नेहसंमेलनांना जायचो, एकाच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायलाही उभा होतो. आपल्यातलेच काहीजण मला 'कारकून वकील' म्हणत, मोर्चात मी कधी दिसत नाही म्हणत. नव्हतोच दिसत. मोर्चा दारात आला की कपाटाला कुलूप लागतं आणि पुढच्या पावसाळ्यात कागद भिजल्याचं पत्र येतं. मला कपाट उघडं हवं होतं. ते बरोबर होतं असंच मला आजही वाटतं, तुला पटो न पटो. खंत एवढीच की तेव्हा असले कागद पाहायला कोणाला वेळ नव्हता. सकाळी दोषी ठरवायचं, जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर दोन वाक्यं ऐकायची, संध्याकाळी फाशी. 'आरोपी तरुण आहे, गरीब आहे, म्हातारे आईवडील आहेत' यापलीकडे आम्हाला बोलू दिलं जात नव्हतं.

तुझ्या हातात आज जे आहे ते आमच्याकडे नव्हतं, आणि तू म्हणतेस जमणार नाही! ते आलंय आपल्याच इंदूरच्या प्रकरणातून. 2011 चं तिहेरी हत्याकांड, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघांचीही फाशी रद्द करून किमान 25 वर्षांची जन्मठेप दिली. शिवाय बजावलं की आरोपीचं लहानपण, आईवडिलांचं छत्र, हिंसा किंवा हेळसांड, शिक्षण, मानसिक स्थिती ही माहिती सरकारनेच गोळा करून सत्र न्यायालयापुढे ठेवायची. सरकारनेच, हे नीट वाच. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या वसंत दुपारे प्रकरणात, पुनर्विचार याचिकाही फेटाळून झाल्यावर, हे निकष पाळले नाहीत म्हणून शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडला गेला. तुझं प्रकरण तर अजून हायकोर्टातच आहे. तिथे जादा पुरावा घ्यायची सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 367 मध्ये होती, नव्यात 408 मध्ये आहे.

उशीर केलास तर काय होतं, तेही बघ. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मारियाना गावी डोझियर नावाची मुलांची सुधारशाळा होती. 1900 साली सुरू झाली, 2011 मध्ये बंद पडली. आवारात विद्यापीठाच्या लोकांनी खणलं तेव्हा 55 कबरी सापडल्या. तिथे मार खाल्लेल्या मुलांसाठी राज्याने 2024 मध्ये 2 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, पण 1940 ते 1975 या काळातल्या मुलांपुरती. लोरन कोल हा तिथे होता 1980 च्या दशकात. पुढे त्याच्या हातून खून झाला, मृत्युदंडाची शिक्षा झाली. डोझियरमधला छळ त्याच्या वकिलांनी अखेरच्या अर्जात मांडला, कोर्टाने तो वेळेत आला नाही म्हणून बाजूला ठेवला. भरपाईचा कायदा झाला त्याच उन्हाळ्यात, 29 ऑगस्टला, त्याला विषाचं इंजेक्शन दिलं. राज्याने एका हाताने चूक कबूल केली आणि दुसऱ्या हाताने तारीख दाखवली.

आता म्हणशील, संस्थेने कागद दिलेच नाहीत तर? एक अडचण खरी आहे. मूल गुन्ह्यात सापडून गेलं असेल तर दोषी ठरल्याची नोंद नष्ट करायला बाल न्याय कायद्याचं कलम 24 च सांगतं. मुलाच्या भल्यासाठीच केलेली तरतूद आहे, आपल्याला ती आडवी येते. पण मुलगा पळाला असेल तर पोलीस ठाण्याच्या रोजनामच्यात असेल. हाड मोडलं असेल तर सरकारी दवाखान्यात असेल. अनुदानाची फाइल आणि तपासणीचे शेरे महिला-बालविकासच्या जिल्हा कार्यालयात असतील. शाळेत घातलं असेल तर दाखल-खारिज रजिस्टरात असेल, आणि त्यातली जन्मतारीख पुन्हा पुन्हा तपास. पुण्याच्या 1994 च्या हत्याकांडातला नारायण चौधरी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता हे राजस्थानातल्या एका सरकारी शाळेच्या रजिस्टरावरून ठरलं, तेही मार्च 2023 मध्ये, 28 वर्षं तुरुंगात काढल्यावर. त्या रजिस्टरात त्याचं नाव नारायण नव्हतं, निरानाराम होतं. तेव्हा नाव जुळत नाही म्हणून पान उलटू नकोस.

त्याच्या 'मत लिखना'चा मान ठेव. त्याच्या तोंडचं एक वाक्यही अहवालात घालू नकोस. पण स्वतःची फाइल मागायचा हक्क त्याचा आहे, तेवढी सही माग. काय मागतो आहोत ते त्याला सरळ सांग, आडून नको. तो कागदालाही नाही म्हणाला तर मला फोन कर, तेव्हाचं तेव्हा पाहू. पण माझा अनुभव असा की सांगायला नकार देणारी माणसं सहीला क्वचितच नकार देतात.

सोमवारी जाशील तेव्हा अधिकारपत्र हिंदीत टाइप करून ने, तीन प्रती, शाईचं पॅडही ने, जेलमधलं बहुधा सुकलेलं असतं. माहिती अधिकाराच्या अर्जात 'जीवन एवं स्वतंत्रता' हे शब्द पहिल्याच ओळीत घाल, म्हणजे 30 दिवसांऐवजी 48 तासांची मुदत लागते. बाबू लोक तरीही टाळाटाळ करतील, तू पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. आणि संस्थेत पहिल्यांदा जाशील ती एकटी जाऊ नकोस. मी येतो. तिथल्या जुन्या लोकांपैकी एकजण अजून मला ओळखतो.

तुझा,
काका
(सर म्हणणं आता पुरे.)