‘हाइ’ म्हणजे ‘हो’ नव्हे

प्रश्न : हिंजवडीतल्या कंपनीत जपानी ग्राहकाचं काम बघतो. मीटिंगमध्ये आराखडा दाखवला, समोरचे सगळे ‘हाइ, हाइ’ करत होते. आम्ही काम सुरू केलं. आठ दिवसांनी कळलं, मंजुरी नव्हतीच. जपानीही आपल्यासारखे समूहाला मानणारे ना?

उत्तर : बोलण्याच्या ओघातला ‘हाइ’ म्हणजे बहुतेकदा आपला ‘हं, हं’. ऐकतोय, पुढे बोला, एवढंच. नकार वेगळ्या वाटेने येतो. ‘मुझुकाशीइ देस ने’ (जरा अवघड आहे) किंवा ‘केन्तो शिमास’ (विचार करतो) कानावर आलं की हात आखडता घ्या. स्थळाला ‘पत्रिका जुळत नाही’ कळवतात, त्याचा ग्रहांशी किती संबंध असतो हे आपल्याला ठाऊक आहेच.

डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० साली मांडलेल्या व्यक्तिवादाच्या तक्त्यात अमेरिकेला ९१, भारताला ४८ आणि जपानला ४६ गुण आहेत. गुण जितके जास्त, तितका समूहापेक्षा व्यक्तीला मान जास्त. म्हणजे या तक्त्यात आपण आणि जपान शेजारी. पण निर्णय कसा होतो ते या आकड्यांतून कळत नाही. आपल्याकडे बहुधा साहेब ‘करा’ म्हणाले की झालं. तिथे संबंधित प्रत्येकाची संमती आधीच गोळा करतात. त्याला नेमावाशी म्हणतात. मूळ अर्थ, झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी मुळांची तयारी करणं. मीटिंग उरते शिक्क्यापुरती.

म्हणून आराखडा चार-पाच दिवस आधी पाठवा. तुमच्याशी रोज बोलणाऱ्याला विचारा, ‘आणखी कोणाला दाखवू?’ त्या प्रत्येकाशी पंधरा मिनिटं वेगळं बोला. आक्षेप तिथे निघतात, चारचौघांत नाही. शेवटी ‘मान्य ना?’ विचाराल तर पुन्हा ‘हाइ’च येईल. त्याऐवजी ‘आता कोणाची संमती बाकी आहे, कोणत्या तारखेपर्यंत मिळेल?’ असं विचारा. तारीख मिळाली नाही, तर मंजुरी नाही असं धरून चाला. घाईने, रोज बोलणाऱ्या त्या माणसाच्या साहेबाला परस्पर मेल मात्र टाकू नका. तो माणूस पुढे मोकळेपणाने काही सांगणार नाही.

आणि तुमचं ‘होऊन जाईल’? ते तिकडे वचन म्हणून घेतलं जातं. दोन दिवस उशीर होणार असेल, तर लक्षात येईल त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : अमेरिकन मॅनेजरला द्यायच्या वार्षिक मूल्यमापनात ‘मी केलं’ लिहायला संकोच वाटतो.

उत्तर : ‘आम्ही मॉड्यूल पूर्ण केलं’ यात तुम्ही कुठे आहात हे त्याला दिसत नाही. ‘सहा जणांच्या टीममध्ये चाचणीचा भाग मी लिहिला’ असं लिहा. ही बढाई नव्हे, हिशेब आहे.