काकांची शिवाजी विद्यापीठाची फुटबॉल जर्सी सामन्यात घातलेलीच आहे, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की दिवंगत काकांच्या ट्रंकेत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची सत्तरच्या दशकातली जर्सी, एक प्रमाणपत्र आणि चामड्याचा बॉल सापडलाय. जर्सी सामन्यात वापरलेली असेल का, आणि धुऊन फ्रेम करावी का?

धुऊ नका, कृपा करून. कंबरेपाशी ताणलेली शिवण, हाताने घातलेले टाके, न गेलेला चिखल हाच तिचा पुरावा आहे. कोरी करकरीत जर्सी फक्त एवढंच सांगते की ती कुणाला तरी मिळाली होती.

तरी नुसत्या डागांवर विसंबता येत नाही. विद्यापीठाची जर्सी पोरं पुढे पेठेच्या संघातही घालून खेळायची. म्हणून फोटो शोधा. अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून 1982-83 च्या हंगामात घातलेली जर्सी 2021 मध्ये लिलावात सुमारे 13.8 लाख डॉलरला गेली. असा भाव येतो तो त्या काळच्या फोटोशी कापड जुळवून पाहिल्यावर. आकड्याचा तिरपेपणा, शिवणीची जागा, ठिगळ हे सगळं ताडून बघतात. आपल्याकडे कॉलेजच्या वार्षिक अंकात संघाचा फोटो, खाली नावं, असं हमखास सापडतं. त्यावरून काका संघात होते हे ठरतं. खेळतानाचा फोटो मिळाला तर मात्र सोनंच. ‘पुढारी’च्या जुन्या अंकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा.

प्रमाणपत्र नीट वाचा. आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचं नाव 1973 पर्यंत इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड होतं, मग ते असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज झालं. नाव आणि साल जुळतंय का पाहा. जर्सीवर कॉलेजचं नाव असेल तर ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची असणार, विद्यापीठ संघाची नव्हे.

सगळ्यात घाईचं काम माणसांचं आहे. काकांबरोबर खेळलेले आता सत्तरीच्या आसपास असतील. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा फुटबॉल संघ असलेल्या तालमींत विचारलंत तर दोन दिवसांत कुणीतरी ओळखीचं निघेलच. सोलापूरलाही विचारा, तिथलं वेगळं विद्यापीठ 2004 मध्ये झालं. त्याआधी तिथली पोरं आपल्याच संघात असायची. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, पण जर्सी आधी दाखवू नका. रंग कोणता होता, काकांचा नंबर काय, आकडा शिवलेला की छापलेला, हे त्यांना आपणहून सांगू द्या. न बघता सांगितलेलं जुळलं, तर त्या साक्षीला फार वजन येतं.

जपायची तर पावसाळ्याचा विचार करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, वर्तमानपत्राच्या कागदाने कापड पिवळं पडतं. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत सैल गुंडाळा, डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. फ्रेम केलीत तर जर्सी चिकटवू नका, मागच्या कापडावर टाक्यांनी धरा आणि उन्हापासून लांब ठेवा. बॉलमध्ये हवा भरू नका. आतलं रबर कुजलेलं असतं आणि शिवण उसवते. चपला करणाऱ्या ओळखीच्या कारागिराने प्रेमाने तेल लावू म्हटलं तरी नको म्हणा.

विकायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: विकू नका. 1952 मध्ये पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज खर्डेकरांचंच नाव आहे. ज्या गावात कॉलेजच्या खेळाडूसाठी माणसं एवढं करत होती, तिथल्या जर्सी रद्दी-भंगारात जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

घरी ठेवणं जमणार नसेल तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाशी बोला. देताना लेखी पोच घ्या. तिच्यात काकांचं नाव, खेळाचं वर्ष, प्रत्येक वस्तूचं वर्णन आणि ती पुढे कुणाला देऊ नये ही अट लिहून घ्या. फोटोंच्या नि रेकॉर्डिंगच्या प्रती सोबत द्या, मूळ तुमच्याकडेच ठेवा.