आराखडा ज्याचा त्याने लिहावा

ताई, नवरा नैराश्यातून सावरतोय, कामावर जायला लागलाय, तरी तुमच्या जिवाला घोर आहेच. म्हणून तुम्ही त्यांचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलंत आणि त्यांनी ते काढून टाकलं. राग मानू नका, पण मला त्यांचंच पटलं.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेरी एलन कोपलँड आणि मानसिक आजारातून गेलेल्या काही लोकांनी ‘रॅप’ (WRAP, म्हणजे Wellness Recovery Action Plan, स्वतःला सावरण्याचा लेखी आराखडा) ही पद्धत बसवली. तिचा पायाच हा की आराखडा ज्याचा त्याने लिहायचा, तोही तब्येत बरी असताना. रोज काय केलं की बरं वाटतं, कशाने बिनसतं, बिघडायला लागल्याच्या खुणा कोणत्या, फारच बिघडलं तर कोणी काय करायचं, आणि त्यातून बाहेर पडल्यावर घडी कशी बसवायची, हे सगळं त्यात येतं.

खुणांचं पान घाईत उरकू देऊ नका. ‘उदास वाटतं’ एवढं लिहून काही हाती लागत नाही. ‘आईचा फोन आला की मोबाइल उलटा ठेवतो’, ‘पहाटे तीनला जाग येते’, ‘दाढी टाळतो’ असं लिहिलं तर ते दोघांनाही दिसतं. प्रत्येक खुणेसमोर एकच कृती लिहावी, वाईट दिवशीही जमेल एवढी छोटी. तुम्ही टोकलेलं चालेल का आणि कोणत्या शब्दांत, हेही त्यांनाच ठरवू द्या. दिवसातून चारदा ‘बरं वाटतंय ना?’ ऐकून चांगला माणूससुद्धा वैतागतो.

संकटाच्या पानावर मात्र भीड नको. डॉक्टर कोण, कोणती औषधं मानवत नाहीत, मुलांना शाळेतून कोण आणणार, सासूबाईंना कळवायचं की नाही, कळवलंच तर कोणी, आणि कोणाला अजिबात बोलवायचं नाही, सगळं स्पष्ट हवं. हा कागद कायद्याने आपोआप बंधनकारक होत नाही. तुमच्या देशातले नियम डॉक्टरांकडून समजून घ्या. औषधं बंद करायचा निर्णयही त्यांच्याशी बोलूनच.

जीव देण्याची भाषा आली तर कागद शोधत बसू नका. मदतवाहिनीला फोन करा: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. जिवाला तातडीचा धोका असेल तर थेट तिथला आपत्कालीन क्रमांक.

आणि एक कोरा कागद स्वतःसाठीही घ्या. तुमची झोप उडाल्याचं पत्रात एका ओळीत उरकलंयत, ते त्यात पहिलं लिहा.